सोमवारची वाळू

नाशकात थंडी पडली की माझे पाय स्वस्थ राहत नाहीत. गुडघे दुखतात ते वेगळं. ते डॉक्टरांना सांगता येतं, त्यावर गोळी मिळते. हे सांगता येत नाही. सकाळचा चहा होतो न होतो तोच मी चपला घालते, गेटपर्यंत जाते, परत येते, कुंड्यांना पाणी घालते, पुन्हा गेटपर्यंत जाते. श्रीधर गच्चीतल्या उन्हात पेपर घेऊन बसलेले असतात. पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "बस की जरा. कुठे गाडी चुकतेय तुझी?" गाडी कुठलीच नसते. तरी मी बसत नाही.

त्यातून परवा केतकीचा फोन आला. केतकी आमची एकुलती एक लेक, कॅनडात असते. तिकडे हे महिने म्हणजे नुसतं पांढरं. मला वाटायचं, मुलगी हीटरपाशी गुरफटून बसत असेल. पण पायाला भिंगरी आहे तिच्या. ती कोणाकडून आली हे वेगळं सांगायला नको.

"आई, काल मी ऑफिसला दांडी मारून स्कीइंगला गेले होते."

"बुधवारी?"

"बुधवारीच तर परवडतं. वीकेंडला तिकीट बघूनच घाम फुटतो. मधल्या वारी निम्म्यात मिळतं, वर रांग नाही, गर्दी नाही. आणि क्रॉस-कंट्रीचे ट्रेल तर फुकटच आहेत गं, गावाबाहेर जंगलात. पायात स्की अडकवायच्या आणि सुटायचं."

"मधला वार म्हणजे सोमवार," मी म्हणाले. अगदी सहज, विचार न करता.

ती हसायला लागली. "आई, तुझं कॅलेंडर अजून सौदीतच आहे!"

आहेच. तिकडे तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी आणि शनिवारी आठवडा सुरू. त्या हिशेबाने सोमवार बरोबर मधोमध येतो. बुधवारची संध्याकाळ ही माझ्या मनात आजही आठवड्याची अखेर असते, आणि रविवारी सगळं शहर झोपलेलं बघून मला चुकल्यासारखं वाटतं. माणूस देश सोडतो, वार सोडत नाही.

केतकीला आम्हाला फेब्रुवारीत बोलवायचं होतं. "टेकडीवरून ढकलणार नाहीये तुला. सपाट ट्रेल आहे, चालल्यासारखंच. बूट भाड्याने घेऊ. तुमच्या दोघांच्या पायाची मापं कळव."

"माझं कळवते. बाबांचं कशाला? ते आपले थर्मास धरून उभे राहतील."

हे मी म्हणाले आणि फोन ठेवला. आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागेना.

सौदीतलं जुबैल तेव्हा शहर नव्हतं, शहराची तयारी होती. जिकडे बघावं तिकडे क्रेन, पाइपांचे ढीग, वाळूत आखलेले आणि कुठेच न जाणारे रस्ते. समुद्राकडून खारा वारा यायचा आणि प्लँटकडून सडक्या अंड्याचा वास. त्यातला कुठला कधी जिंकेल सांगता यायचं नाही. जगभरचे लोक पैशाच्या मागे तिथे येऊन पडले होते. आपल्या कोकणातले वेल्डर, फिटर, सुतार कॅम्पात राहायचे, एका खोलीत चार-सहा जण. बायका-मुलं गावी. इंजिनिअर मंडळींना कुटुंब आणायची परवानगी होती, म्हणून मी होते. श्रीधर मूळचा दापोलीचा, पेट्रोकेमिकल प्लँटवर शिफ्ट इंजिनिअर.

श्रीधरला मी इथे 'तो' म्हणतेय आणि वर 'ते' म्हणाले, त्याचं कारण आहे. आम्ही एका कॉलेजातले, एका वर्गातले, त्यामुळे मुळात अरे-तुरेतले. लग्नानंतर सासूबाईंसमोर मी 'अहो' म्हणायला शिकले. जुबैलला सासूबाई नव्हत्या. विमानातून उतरल्या उतरल्या मी त्याला "अरे, माझी बॅग?" म्हणाले, आणि त्याने कोणीतरी ऐकतंय का म्हणून सवयीने मागे वळून बघितलं. पुढे नाशकाला परतल्यावर तो पुन्हा 'अहो' झाला, तो कायमचा. म्हणून ही थंडी आठवायची तर मला त्याला 'अरे'च म्हणावं लागतं.

आमचं कंपाउंड म्हणजे एका उंच भिंतीच्या आत एकसारखी पत्र्याच्या छपराची घरं. मंगळवारी कंपनीची बस बायकांना बाजारात न्यायची आणि आणायची. बाकी सहा दिवस भिंत. बाईने गाडी चालवायची नाही, एकटीने बाहेर जायचं नाही, जायचं तर वरून काळा पायघोळ अबाया. कॉलेजात मी क्रॉस-कंट्री धावायचे. पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या पायवाटा मला तोंडपाठ होत्या. त्या पायांना आता भिंतीच्या आतल्या बाजूने गोल फिरायचं होतं. मी फिरायचेही. दुपारी, उन्हात, पाच-सहा फेऱ्या. गेटवरचा पठाण वॉचमन दोन आठवडे बघत राहिला आणि एक दिवस न राहवून म्हणाला, "बहनजी, कुछ खो गया क्या? मैं ढूँढ दूँ?"

त्या रात्री जेवताना मी श्रीधरला सांगून टाकलं. "मला हे जमत नाहीये. मी नाशकाला जाते. तू सुट्टीत येत जा. सगळे तसेच राहतात की."

त्याने घास खाली ठेवला. "इतक्यात?"

"इतक्यात काय? उन्हाळाभर आहे मी इथे."

"उन्हाळाच बघितलायस तू. इथली थंडी नाही बघितलीस." मग भाताकडे बघत म्हणाला, "थंडीभर थांब. थंडी संपली की तू म्हणशील तसं."

मी थांबले. भांडण नव्हतं, पण दोघांनाही माहीत होतं की या एका थंडीवर आमचा संसार एकत्र राहणार की दोन देशांत, हे ठरायचं आहे.

थंडी आली आणि तिने खरंच आपलं नाव राखलं. सकाळी दव पडायचं. वाळवंटात दव पडतं हे मला माहीत नव्हतं. पत्र्यावरून ते ठिबकायचं आणि वाळूत त्याची एक ओळ उमटायची. खोबरेल तेल गोठलं. मी पेटीतून स्वेटर काढला, त्याला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास होता, आणि तो वास घेऊन मला इतकं घरी गेल्यासारखं झालं की मी तो दुपारभर काढला नाही.

शेजारच्या घरात मारित नावाची नॉर्वेची बाई राहायची. नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि त्यांचं निघायचं ठरलं. जाणारी माणसं घरातलं सामान दारापुढे मांडायची, पंखे, खुर्च्या, टेपरेकॉर्डर, मुलांच्या सायकली, आणि कंपाउंडमधले लोक ते उचलायचे. मारितचं सगळं गेलं, भिंतीला टेकवलेल्या दोन लांब लाकडी फळ्या तेवढ्या राहिल्या. पुढची टोकं वर वळलेली, मधे लोखंडी पकड आणि टाचेमागे अडकवायची तार. बर्फावरच्या स्की.

"इथे कशाला आणल्यात?" मी विचारलं.

"वाळूसाठी," ती म्हणाली, जणू पाटा कशाला तर वाटण्यासाठी. "घेऊन जा. मी जातेय तिथे बर्फही आहे आणि फळ्याही." तिने आपले चामड्याचे बूटही दिले. दोन लोकरी मोजे घातले की ते मला बसायचे. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिने लोखंडी पकड माझ्या बुटाला घट्ट बसवून दिली आणि अंगणात मला गुडघे वाकवून उभं कसं राहायचं ते दाखवलं. पलीकडच्या खिडकीत पोळ्यांचं पीठ मळत एक गुजराती बाई आमच्याकडे बघत होती. तिने परातीसकट खिडकी बदलली.

फळ्या मिळाल्या, आता टेकड्या हव्या होत्या. टेकड्या फुकट होत्या. शहराच्या बाहेर अर्धा तास गेलं की वाळूच्या टेकड्यांना सुरुवात होते आणि मग त्या संपतच नाहीत. कोणी तिकीट मागत नाही, कोणी हटकत नाही. पण गुरुवार-शुक्रवारी तिथे जत्रा. जीपगाड्या, मोटरसायकलीवरची पोरं, गालिचे अंथरून बसलेली कुटुंबं. पँट घातलेली परदेशी बाई टेकडीवरून घसरतेय हे बघायला सगळी जत्रा लोटली असती, आणि नंतर काय झालं असतं ते सांगता येत नाही. श्रीधरने हे मला बोलून दाखवलं नाही. एक दिवस प्लँटवरून आला आणि म्हणाला, "शुक्रवारची ड्यूटी मी घेतलीय. थंडीभर. मला सोमवार मोकळा."

शुक्रवार तिथे सगळ्यांना हवा असतो. नमाज, नातेवाईक, बिर्याणी. तो कोणी सोडत नाही. याने तो अख्ख्या हिवाळ्याचा देऊन टाकला आणि बदल्यात कोणालाच नको असलेला सोमवार घेतला. हे सांगताना तो बुटाच्या नाड्या सोडत होता. मी "बरं" म्हणाले आणि चहा टाकायला गेले. ओट्यापाशी उभी राहून मला रडू आलं, ते कशाचं ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिल्या सोमवारी आमची फजिती झाली. मारितने निघता निघता सांगितलं होतं, फळ्यांच्या तळाला काहीतरी चोपडावं लागतं म्हणजे त्या पळतात. काय चोपडायचं ते विचारायचं राहिलं. आता मराठी माणसाला काहीतरी चोपडायचं म्हटलं तर दुसरं काय सुचणार? मी गोठलेल्या खोबरेलाचा डबा गाडीच्या बॉनेटवर ठेवून वितळवला आणि दोन्ही फळ्यांना तळापासून रगडलं, बाळाला न्हाऊ घालण्याआधी रगडतात तसं. मग त्या खांद्यावर घेऊन आम्ही टेकडी चढलो. वर पोचेपर्यंत जीव गेला. बूट अडकवले, गुडघे वाकवले, श्रीधरला म्हटलं, बाजूला हो. तो बाजूला झाला. मी तिथेच. ढकललं, पुन्हा ढकललं. शेवटी फळी उचलून बघितली तर तळाला बोटभर वाळू थापलेली.

श्रीधरने खाली बसून नीट निरीक्षण केलं. "पापलेट झालंय," तो म्हणाला. "रव्यात घोळवून तयार आहे. आता फक्त तवा हवा."

इतकी हसले मी. त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले. वाळूने वाळू घासून फळ्या साफ करत आम्ही तिथेच बसलो, आणि मला आमच्या घरचं जुनं कपाट आठवलं. त्याचा खण अडकला की आई मेणबत्तीचा तुकडा घासायची. पुढच्या सोमवारी मी मेणबत्ती नेली. तळाला घासली, हाताच्या पंजाने चोळून गरम केली, वर चढले, आणि निघाले.

ते कसं होतं हे सांगायचा मी आजवर कितीदा प्रयत्न केला आहे. वाळू फळीखाली सुस्कारा टाकते. ती एकसारखी पळवत नाही, जरा धरून सोडते, मग पुन्हा धरते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं. खाली थर्मास घेऊन उभा असलेला माणूस मोठा मोठा होत जातो. मग आपण एकतर त्याच्या पुढ्यात थांबतो नाहीतर तोंडावर पडतो. मी बहुतेक वेळा पडले. दातांत वाळू, कानांत वाळू, संध्याकाळी न्हाणीघरात वाळूचा ढीग. पण त्या देशात मी स्वतः चालवलेलं ते एकमेव वाहन होतं. कुठे वळायचं ते मी ठरवायचे.

घसरणीचा कंटाळा आला की मी टेकड्यांच्या मधल्या सपाटीला लागायचे. तिथे फळ्या घसरत नाहीत, ढकलाव्या लागतात, पण पाय रुतत नाहीत एवढं खरं. मागे वळून बघितलं की माझ्या पायांचे दोन रूळ पसरलेले दिसायचे, समांतर, लांबपर्यंत. वाटायचं, असंच चालत राहिलं तर? दर सोमवारी मी जरा जास्त लांब जायचे. श्रीधर हाक मारायचा नाही. गाडीच्या टपावर चढून उभा राहायचा, मला दिसावा म्हणून.

त्याने स्वतः मात्र फळीवर पाय ठेवला नाही. कितीदा म्हटलं. "माझे पाय जमिनीवर बरे," हे ठरलेलं उत्तर. मला राग यायचा. वाटायचं, या माणसाला काही होतच नाही. प्लँट, डबा, झोप, प्लँट. भिंतीच्या आत ठेवा, बाहेर ठेवा, हा आपला शांत. माझा जीव तिथे सैरभैर होतोय आणि हा चहा ओततोय, "साखर कमी झालीय का बघ" म्हणतोय. तळमळ फक्त माझ्याच वाट्याला आली आहे, असं मी धरून चालले होते.

संक्रांत त्याच थंडीत आली. पडदे ओढून एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू झालं. सगळ्याजणी काळ्या साड्या नेसून, वर काळे अबाये घालून आलेल्या. दारात ते उतरवताना ती मैत्रीण म्हणाली, "आपल्याला बाई इथे रोजचीच संक्रांत." हसणं आवरेना, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पदर. मला तिथून चालत घरी जायचं होतं, तीन घरं सोडून, तरी श्रीधर घ्यायला आला. पुढच्या सोमवारी आम्ही तिळगूळ टेकडीवर नेला. त्याने वडी माझ्या हातावर ठेवली आणि ते ठरलेलं वाक्य म्हणायच्या ऐवजी विचारलं, "बरं वाटतंय ना इथे?" मी तोंड भरलेलं असल्याचं निमित्त करून नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याने विचारलं नाही.

आणि मग ती पिकअप आली. थंडी उतरायला लागली होती. मी टेकडीच्या निम्म्यावर होते. धुळीचा लोट उठवत एक जुनी पिकअप थेट आमच्या गाडीपाशी येऊन थांबली. मागे मेंढ्या. एक म्हातारा बदू, वाळवंटातला मेंढपाळ, उतरला. त्याने माझ्या फळ्यांकडे बोट केलं आणि श्रीधरला गंभीरपणे विचारलं, "पेट्रोल? फी पेट्रोल?" पेट्रोल आहे का? त्याला वाटलं आम्ही कंपनीचे सर्व्हेवाले, फळ्या हे तेल शोधायचं यंत्र, आणि आता त्याच्या चराऊ जमिनीत भोकं पडणार. श्रीधर दोन्ही हात हलवत "माफी पेट्रोल, माफी, माफी" म्हणत राहिला, म्हणजे नाही, नाही. मी उरलेला उतार घसरत येऊन त्यांच्या पायाशी धपकन पडले, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली की यातून तेल निघणार नाही.

पिकअपमधून हसण्याचा आवाज आला. मी बघितलं तर स्टिअरिंगवर बाई. नाकापर्यंत बुरखा, डोळ्यांत काजळ, हातांवर विटलेली मेंदी. गाडी तीच चालवत होती. शहरात जे चालत नाही ते तिथे, पोलिसांच्या पलीकडे, कोणी विचारत नव्हतं. तिने दार उघडलं, शेजारच्या सीटवर थाप मारली. "तआली, तआली!" ये, ये.

मी श्रीधरकडे बघितलं. तो म्हणाला, "जा की." मी चढले. तिने गाडी टेकडीवर घातली. मेंढ्या ओरडताहेत, मी डॅशबोर्ड धरून बसलेली, आणि ती कड्याच्या टोकाशी गाडी नेऊन, एका हाताने अशी वळवून खाली सोडायची की माझा श्वास अडकायचा. तिला रस्ता लागत नव्हता. कुठली वाळू धरते, कुठली सोडते, तिला ठाऊक होतं. दोन गोल फेऱ्या मारून तिने मला जागेवर आणून सोडलं, मूठभर खजूर हातात कोंबले आणि धुळीचा लोट उठवत निघून गेली.

परतताना मी गाडीत तिचे खजूर खात होते. जुबैलच्या मशाली दिसायला लागल्या, ते रात्रंदिवस जळणारे गॅसचे भडके, तेव्हा मी म्हणाले, "ती तिच्या घरात होती रे."

श्रीधरने गिअर बदलला. "हो," तो म्हणाला. "कळलं मला."

एवढंच. मार्चमध्ये वारे सुरू झाले. वाळू जमिनीवरून सरपटत रस्ता ओलांडायला लागली, हवा चिकट झाली, आणि मी बॅग भरली. धाहरानच्या विमानतळावर त्याने विचारलं, "फळ्यांचं काय करू?" मी म्हणाले, "दे कोणाला तरी." त्याने मान हलवली. मी जाताना मागे वळून बघितलं, तर तो काचेपलीकडे एका बाकावर चढून उभा होता, मला दिसावा म्हणून.

मी नाशकाला नोकरी धरली. केतकी पुढे त्याच्या एका सुट्टीनंतर झाली. ती शाळेत जायला लागली, सासू-सासरे थकले, आणि संसार दोन देशांत चालतो तसा चालला. त्याचा फोन सोमवारी संध्याकाळी यायचा. मी म्हणायचे, आता तरी शुक्रवारची सुट्टी घे, लोकांत मिसळ. तो म्हणायचा, राहू दे, सवय झालीय. थंडीच्या दिवसांत फोनवर बोलताना खोकायचा. "बाहेरून आलोय आत्ताच," म्हणायचा. मी आल्याचा काढा घे म्हणून सांगायचे. कायमचा परतला तेव्हा सामानात चादरीत गुंडाळलेलं एक लांब गाठोडं होतं, आणि चादरीतून फळ्यांची वळलेली टोकं बाहेर आलेली. मला ते बघवेना. ज्या थंडीने आम्हाला दोन देशांत टाकलं तिचं सामान कशाला हवं घरात? "माळ्यावर टाका," मी म्हणाले. त्यांनी टाकलं. तेव्हापासून ते तिथेच होतं.

केतकीच्या फोनपासून ते गाठोडं माझ्या डोक्यावर बसलं होतं. काल दुपारी श्रीधर गच्चीत पेंगत होते तेव्हा मी स्टूल ओढलं, गुडघ्यांना दटावलं, आणि ते खाली काढलं. चादर सोडताना त्यातून मूठभर वाळू फरशीवर सांडली, तीच, बारीक, पिवळट. घडीत मेणबत्तीचं एक थोटूक होतं. ते मी ठेवलेलं नव्हतं.

फळी जमिनीवर ठेवून मी माझा चालायचा बूट पकडीत घालून बघितला. तो सैल. नुसता सैल नव्हे, दोन्ही बाजूंनी बोट जाईल इतका. चष्मा आणला. मारितने माझ्यासाठी घट्ट बसवलेली पकड कोणीतरी काढून रुंद लावली होती. स्क्रूची जुनी भोकं आगपेटीच्या काड्या ठोकून बुजवलेली, शेजारी नवी पाडलेली. पाय ठेवायच्या जागी लाकडावर काळे चट्टे होते, रबराचे, प्लँटवर घालतात त्या जड सेफ्टी शूजच्या तळव्याचे. मग मी फळी उलटी केली. तळाला मधोमध एक खोल चर असायची, मी दर सोमवारी तिच्यातली वाळू काडीने काढायचे. ती चर जवळजवळ बुजली होती. लाकूडच तेवढं झिजून गेलं होतं. एका थंडीत एवढी झीज होत नाही, हे मला कळत होतं. मी फरशीवर बसून राहिले.

"स्टुलावर कशाला चढलीस? गुडघे..." दारातून आवाज आला आणि थांबला.

मी विचारलं, "या तुम्ही घालत होतात?"

ते आत आले. पेपरची घडी घातली, ती पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "सोमवार मोकळाच असायचा."

"पण तुम्हाला आवडत नव्हतं."

"आवडतंय कुठलं? पडायचोच जास्त." मग माझ्याकडे न बघता, त्या सांडलेल्या वाळूकडे बघत म्हणाले, "खोलीत बसवत नव्हतं."

"दर थंडीला?"

"दर थंडीला."

टेकडीच्या पायथ्याशी थर्मास धरून शांत उभा असलेला तो माणूस डोळ्यांपुढे होता, आणि मी त्याच्यावर किती रागावले होते तेही. आता त्याच टेकडीवर तो एकटा, सेफ्टी शूज घालून, फळ्या खांद्यावर घेऊन चढताना दिसायला लागला. खाली कोणी नाही. पडला तरी हसायला कोणी नाही.

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हणाले. किती वर्षांनी ते अरे-तुरे तोंडातून गेलं. कोणी मागे वळून बघितलं नाही. या घरात आता ऐकणारं कोणी नाही.

"सांगितलं असतं तर तू परत आली असतीस," श्रीधर म्हणाला. "त्या भिंतीच्या आत."

मी ती सांडलेली वाळू बोटाने गोळा केली. मग म्हटलं, "पाय दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

तो खुर्चीत बसला, मोजा काढला आणि पाय पुढे केला. मी त्याच्याच पेपरवर तो ठेवून पेन्सिलीने आखून घेतला. त्याला गुदगुल्या झाल्या, त्याने पाय ओढला, मी पुन्हा धरून ठेवला. संध्याकाळी केतकीला फोन करून मी आधी त्याचं माप कळवलं आणि मग माझं. आणि तिला म्हटलं, तुझा बुधवार ठेव तुझ्यापाशी, आम्हाला सोमवारी ने.